होय दाबण्याआधी

सोमवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी माझी पट्टी गेली. पट्टी म्हणजे ब्रेलची पट्टी. कीबोर्डच्या अलीकडे ठेवलेली, फूटभर लांब, चाळीस अक्षरांची. स्क्रीनवर जी ओळ असेल ती या पट्टीवर बारीक टोकांनी वर येते आणि मी ती बोटांनी वाचते. मी जन्मापासून आंधळी आहे. हा शब्द मला चालतो. ज्यांना चालत नाही ते माझ्याशी उगाच हळू आवाजात बोलतात, आणि माझं डोकं त्यानेच जास्त फिरतं.

त्या दिवशी पट्टी सपाट. एक टोक वर येईना. वायर काढून पुन्हा लावली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, हेडफोन कानात घातला, म्हटलं निदान वाचून दाखवणारा आवाज तरी येईल. तिथेही शुकशुकाट. शेवटी शेजारच्या टेबलाला हाक मारली. तिथे काटेवाला बसतो. हॉस्पिटलच्या औषध भांडारात पावडरी तोलायचे नाजूक वजनकाटे आहेत. ते काटे आणि त्यांना जोडलेले कॉम्प्युटर तो सांभाळतो, म्हणून काटेवाला.

“जरा बघ रे, माझ्या स्क्रीनवर काय दिसतंय?”

तो खुर्ची सरकवत आला. “सगळं झकास आहे ताई. एकदम चालू.”

“कुणासाठी चालू?”

त्याला प्रश्न कळला नाही. मलाही उत्तर नको होतं, मला फक्त ओरडायचं होतं.

हे दुसऱ्या कुठल्या सोमवारी झालं असतं तर मी चहा पिऊन शांतपणे शोधाशोध केली असती. पण त्याच गुरुवारी आमचं मोठं काम होतं. भांडारातली आणि ऑफिसातली मिळून सव्वीस मशिनं लिनक्सच्या, म्हणजे ती ज्यावर चालतात त्या प्रणालीच्या, नव्या आवृत्तीवर न्यायची होती. त्यातली सहा माझ्याकडे. आणि आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या साहेबांनी महिन्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं, “ही सहा तुम्ही कुणाच्या मदतीशिवाय केलीत तर उत्तम. नाहीतर टेलिफोनची खुर्ची रिकामीच आहे. तुमचा आवाज काय गोड आहे! तिथे अजून तुमची आठवण काढतात.”

टेलिफोनच्या खुर्चीत मी अकरा वर्षं काढली आहेत. याच हॉस्पिटलात, तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत. “नमस्कार, कोणता विभाग हवाय?” हे वाक्य मी झोपेतही म्हणायचे, असं आई सांगते. दुपारी फोन कमी व्हायचे तेव्हा मी लिनक्स शिकले. कारण साधं होतं. तिथे माउस घेऊन चित्रांच्या मागे धावावं लागत नाही. कमांड लिहायची, उत्तर ओळीने येतं, ओळ बोटांखाली येते. खात्याची परीक्षा दिली, पहिली आले, दोन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर आले. साहेबांना ते पटलं नव्हतं, पण निकालापुढे त्यांचं काही चाललं नाही. तेव्हापासून ते मी कुठे चुकते याची वाट बघत होते.

“शनिवारी मशिनांवर काही केलंस का?” मी काटेवाल्याला विचारलं.

खुर्चीचं चाक किरकिरलं. “तसं काही नाही ताई. एक छोटीशी स्क्रिप्ट चालवली. काट्यांसाठी.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. भांडारातल्या तीन काट्यांचं वजन कॉम्प्युटरपर्यंत पोचेना. काटा आपला आकडा दाखवायचा, पण स्क्रीनवर काही नाही, लेबल छापलं जात नाही. त्याने नेटवर शोधलं तर कारण निघालं ब्रेलचं पॅकेज. पॅकेज म्हणजे एका कामाचा तयार प्रोग्रॅम, आणि हे लिनक्सबरोबर आपसूक येतं. त्याच्या पोटात वायरींच्या नंबरांची एक यादी असते, आणि त्यातल्या नंबरची वायर दिसली की ते तिला ब्रेलची पट्टी समजून ताब्यात घेतं. काट्याच्या वायरीतली स्वस्तातली चिप आणि कुठल्याशा जुन्या पट्टीतली चिप एकच निघाली, नंबरही एकच. पॅकेजने काटा गिळला होता. बिघाड खरा होता, मी नाही म्हणत नाही. पण त्यावरचा इलाज नेटवर पन्नास जणांनी एकाच वाक्यात दिला होता. काढून टाका, कुणालाही लागत नाही.

“आणि तू काढलंस.”

“हो.”

“तीन काट्यांच्या मशिनांवरून?”

“सगळ्यांवरूनच. साहेब म्हणाले, पॅकेजेसची यादी सगळ्यांना एकच ठेव.”

“दोन वर्षं माझ्या शेजारी बसतोस तू. माझी पट्टी कशावर चालते असं वाटलं तुला?”

“शप्पथ सांगतो ताई, डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, ती तिची ती चालते.”

“आणि वाचून दाखवणारा आवाज? तो कुणी काढला?”

“तो मी नाही काढला! ब्रेलचं काढलं की ते विचारतं ना, आता गरज नसलेली बाकीची पॅकेजेसही काढू का म्हणून. त्याला फक्त होय म्हटलं.”

“काय काय होतं त्या यादीत?”

“यादी कोण वाचतं ताई?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पॅकेज घालताना किंवा काढताना लिनक्स थांबतं, काय येणार आणि काय जाणार याची यादी समोर ठेवतं आणि विचारतं, पुढे जाऊ का? इतक्या सभ्यपणे मला आयुष्यात फार थोड्या माणसांनी काही विचारलंय. आणि ही डोळस माणसं त्या यादीकडे न बघता होय दाबतात. मी चाळीस चाळीस अक्षरं सरकवत ती शेवटपर्यंत वाचते. मला वेळ लागतो म्हणून मागे हसतात, तेही मला ऐकू येतं.

मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. माझ्या मशीनवर पॅकेज परत घाला, दोन मिनिटांचं काम आहे, एवढंच माझं मागणं होतं.

“परत? आणि काटे?”

“काटे माझ्या मशीनला जोडलेले नाहीत.”

“आज तुम्हाला वेगळं, उद्या आणखी कुणाला वेगळं. सव्वीस मशिनांच्या सव्वीस तऱ्हा होतील. आणि खरं सांगू का, हे बरंच झालं. तुमचीही दगदग वाचेल.” ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, मग कागदाचा. “बदलीचं पत्र आहे. तात्पुरती बदली, एक महिन्यासाठी, टेलिफोनवर. गुरुवारची गडबड संपली की पुढचं बघू. इथे सही करा.” त्यांनी माझं बोट धरून कागदावरच्या रेघेवर ठेवलं.

मी बोट काढून घेतलं. “वाचल्याशिवाय मी सही करत नाही.”

“आत्ताच वाचून दाखवलं की.”

“तुम्ही वाचलंत. मी नाही वाचलं. फाइल पाठवा, पट्टी चालू झाली की वाचते.”

“ऑफिसचं पत्र कागदावरच असतं हो. काय हा संशय!” ते हसले. “गुरुवारपर्यंत सही द्या. नाहीतर गुरुवारी तुमची सहा मशिनं तुम्ही कशी करणार, तेवढं तरी सांगा.”

पत्र तिथेच टेबलावर सोडून, चेहऱ्यावर काही दिसू न देता मी बाहेर आले. निदान मला वाटतं, दिसलं नसावं.

घरी आई मटार सोलत बसली होती. मी सगळं एका दमात सांगून टाकलं.

“टेलिफोनवर काय वाईट होतं गं?” ती म्हणाली. “अकरा वर्षं बसलीस, एकदा तक्रार केली नाहीस.”

“केली नाही तिथेच चुकलं.”

“एकच महिना म्हणतायत ना?”

“आई, त्या जिन्याखालून मला पुन्हा वर कोण आणणार आहे? एकदा खाली बसले की रिटायर होईपर्यंत कोणता विभाग हवाय म्हणत बसेन. मी नाही जाणार. मेले तरी नाही जाणार.”

शेंगा फुटत राहिल्या. आई माझी बाजू घेईल अशी माझी अपेक्षा नव्हती. तिला माझी आयुष्यभर धास्ती वाटत आली आहे, मी पडेन, धडकेन, मला कुणी काही बोलेल. टेलिफोनच्या खोलीला एकच दार होतं आणि आत पाय अडकण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती खोली तिला फार आवडायची.

“मग भांड,” ती म्हणाली. “पण आधी जेव. उपाशीपोटी तुझा आवाज चिरकतो.”

जेवून मी पट्टी घरच्या लॅपटॉपला जोडली. तिथे तिची टोकं पटापट वर आली. घरच्या मशीनवर पॅकेज शाबूत होतं, कारण तिथे होय मी दाबते. पॅकेजची मूळ फाइल उतरवून घेतली आणि वायरींच्या नंबरांची यादी वाचायला बसले. काट्याच्या वायरीचा नंबर माझ्याकडे नव्हता. तो मंगळवारी सकाळी भांडारात जाऊन काटेवाल्याकडून वाचून घेतला, दोनदा वाचायला लावला. त्याचा आवाज पार पडला होता. मी त्याची समजूत घालायला गेले नाही, माझा राग अजून ताजा होता. संध्याकाळी यादीत ती ओळ सापडली. एकच ओळ! माझ्या पट्टीचा नंबर निराळा, तो आणखी खालच्या ओळीत. काट्याची ओळ पुसली, पॅकेज नव्याने बांधलं आणि पेनड्राइव्हवर घेतलं. सध्याच्या आवृत्तीसाठी एक, आणि गुरुवारी येणाऱ्या नव्या आवृत्तीसाठी दुसरं. दुसऱ्याची गरज पडेल की नाही ठाऊक नव्हतं, पण या लोकांचा मला भरवसा नव्हता.

बुधवारी काटेवाल्याने भांडारातल्या एका मशीनवर ते घालून बघितलं. काट्याचा आकडा स्क्रीनवर बरोबर आला. भांडार सांभाळणाऱ्या बाई बाजूलाच उभ्या होत्या. “मग भांडण कशाचं आहे?” त्यांनी विचारलं. मी तोच प्रश्न घेऊन साहेबांकडे गेले.

“घरी बनवलेलं पॅकेज आपण घालत नाही,” साहेब म्हणाले.

“एक ओळ पुसली आहे. कोणती ते लिहून देते. तपासून घ्या.”

“प्रश्न ओळीचा नाही, शिस्तीचा आहे. काढा ते तिथून. आणि पत्रावर सही राहिली आहे तुमची.”

“राहू दे,” मी म्हटलं.

गुरुवारी सकाळी साडेआठला मी माझ्या खुर्चीत होते. साहेब आले आणि दारातच थबकले.

“तुम्ही आज खाली बसणार होतात ना?”

“सही केलेली नाही. म्हणजे अजून मी इथलीच.”

पट्टी मुकी, हेडफोन मुका. पण कीबोर्ड तर होता, आणि टाइप करताना स्क्रीनकडे बघायची मला कधीच सवय नव्हती. चित्रांच्या पडद्यावरून साध्या मजकुराच्या पडद्यावर नेणारी तीन बटणं दाबली आणि मी मोठ्याने बोलत टाइप करायला लागले. “माझं नाव. एंटर. पासवर्ड, तो सांगत नाही. एंटर.”

“काय चाललंय?”

“पॅकेज घालतेय. माझ्या मशीनवर.”

“मी नाही म्हटलं होतं.”

“हो, ऐकलं. ऐकायला मला चांगलं येतं. पेनड्राइव्ह जोडायची कमांड, एंटर. आता पॅकेज घालायची कमांड.” पॅकेजच्या फाइलचं नाव एकोणचाळीस अक्षरांचं होतं. एकेक अक्षर नीट दाबलं. पुन्हा पासवर्ड, पुन्हा एंटर. बोटं पट्टीवर ठेवली.

काही नाही. आणखी थोडी थांबले. तरी काही नाही.

“बघा,” साहेब म्हणाले, “मी तेच म्हणत होतो.”

माझे कान तापले. काय चुकलं ते समोर स्क्रीनवर लिहिलेलं असणार, आणि खोलीतल्या दोघांना ते दिसत होतं. मी विचारणार नव्हते. पहिल्यापासून सुरू करायला हात उचलले, तेवढ्यात काटेवाला मागून हलकेच म्हणाला, “ताई, कॅप्स लॉकचा दिवा लागलाय.”

कीबोर्ड पुसताना कुणाचा तरी फडका लागला असणार. म्हणजे मशीनने मला आत घेतलंच नव्हतं आणि मी बाहेर उभी राहून कमांडा देत होते. ते बटण दाबलं. नाव, पासवर्ड, पेनड्राइव्ह, पॅकेज, पासवर्ड. या वेळी तोंडाने काही बोलले नाही. शेवटचं एंटर दाबून हात पट्टीवर ठेवले. काही सेकंद गेले. मग डाव्या तर्जनीखाली एक टोक वर आलं, त्याच्या शेजारचं आलं, आणि पाठोपाठ सगळी ओळ. मजकूर साधाच होता, पॅकेज घातलं, काम पूर्ण. तो मी तीनदा वाचला. डोळ्यांत पाणी आलं, तेही पुसलं नाही. दिसू दे त्यांना, म्हटलं.

“याची नोंद होणार,” साहेब म्हणाले.

“अवश्य करा. कमांड पुन्हा सांगू का?”

मग वाचून दाखवणाऱ्या आवाजाचं पॅकेज घातलं, त्याचीही यादी वाचून, आणि नऊ वाजता माझ्या सहा मशिनांपैकी पहिलं हातात घेतलं. नेटवर्कवरून खुर्चीतच बसून होणारं काम. साहेब अडवायला आले नाहीत. सव्वीस मशिनं आणि दोन माणसं, एवढं गणित त्यांनाही येत होतं.

साडेदहाला भांडारातून फोन आला. पहिलं मशीन नव्या आवृत्तीवर गेलं होतं आणि काटा पुन्हा मुका झाला होता. नव्या आवृत्तीने स्वतःचं ब्रेलचं पॅकेज आपल्याबरोबर आणलं होतं, आमच्या साहेबांना न विचारता.

“काढ ते परत,” साहेब काटेवाल्याला म्हणाले.

त्याने कमांड दिली. मी माझ्या खुर्चीतून ओरडले, “यादी वाच!”

“साहेब, यादी लांब आहे जरा,” काटेवाला चाचरत म्हणाला.

“वेळ आहे का आपल्याकडे?” साहेब म्हणाले, आणि हात पुढे करून त्यांनी स्वतःच होय दाबलं.

मिनिटभराने पुन्हा फोन. बाईंचा आवाज मला लांबूनही ऐकू आला. “अहो, सगळंच गेलं! नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं!”

नव्या आवृत्तीत ब्रेलचं पॅकेज अख्ख्या डेस्कटॉपशी बांधलेलं होतं. ते ओढलं तशी आणखी चौदा पॅकेजेस निघून आली. खिडक्या, चिन्हं, माउसचा बाण, सगळं. चौदाही नावं त्या यादीत व्यवस्थित लिहिलेली होती. काटेवाला पुटपुटत राहिला. साहेबांचे बूट माझ्या टेबलाशी येऊन थांबले.

“आता काय?” त्यांनी विचारलं. दोन वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न.

काळा पडदा आणि ओळी, म्हणजे माझ्यासाठी काहीच बिघडलं नव्हतं. मी रोज तिथेच राबते. माझ्या मशीनवरून भांडारातल्या मशीनमध्ये शिरले, काय काय गेलं त्याची नोंद वाचली आणि सगळं परत मागवलं, ब्रेलच्या पॅकेजच्या जागी मात्र नव्या आवृत्तीसाठी बांधलेलं माझं. यादी समोर आली. ती मी मोठ्याने वाचली, पंधराच्या पंधरा नावं, साहेबांना उभं ठेवून. मग होय दाबलं. अकराला पाच कमी असताना फोन वाजला.

“वजन आलं! लेबलही आलं. कुणी केलं?”

“मी,” म्हटलं आणि फोन ठेवला.

साहेब म्हणाले, “ठीक आहे. काट्यांच्या तीन मशिनांवर आणि तुमच्या मशीनवर घाला.”

“सव्वीसही मशिनांवर घालणार.”

“बाकीच्यांवर कशाला? तिथे कोण आंधळं बसणार आहे?”

हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. “कोण बसेल ते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. यादी सगळ्यांना एकच, साहेब.”

काटेवाला खोकला. हसू दाबायला माणूस खोकतो, तसा.

दुपारी दोनपर्यंत माझी सहा झाली. कॅप्स लॉकचा दिवा सोडला तर कुणाची मदत घेतली नाही, आणि ती मी मागितली नव्हती. काटेवाल्याची रखडली होती, त्यातली चार मीच केली. उरलेल्यांची प्रत्येक यादी तो मला भांडारातून फोनवर वाचून दाखवत होता आणि मध्येच थांबून विचारत होता, “हे जाऊ दे ना ताई?” सगळ्यात शेवटी उरलं साहेबांचं स्वतःचं मशीन. सव्वीसावं. चार वाजता तेही नव्या आवृत्तीवर गेलं. मी पट्टी काखेत मारली आणि केबिनमध्ये गेले.

“पॅकेज नीट बसलंय का बघते.”

“अहो, बसलंय. स्क्रीन चालू आहे सगळी.”

“उठा जरा.”

ते उठले. मी त्यांच्या खुर्चीत बसले, पट्टी जोडली, मशीन एकदा बंद करून चालू केलं, साहेबांनी पासवर्ड दाबला. अपग्रेडच्या आधी जी फाइल उघडी राहिली होती ती आपोआप परत उघडली आणि तिची पहिली ओळ माझ्या बोटांखाली आली. विषय होता बदलीचा, आणि नाव माझं.

“ते मी बंद करतो,” साहेब घाईने म्हणाले आणि माउसकडे वाकले.

मी त्यांचं मनगट धरलं आणि बाजूला केलं. दारात काटेवाला येऊन उभा राहिला होता, त्याच्या किल्ल्या वाजतात. मी बोटं सरकवत गेले आणि बाहेरच्या खोलीतही ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. “त्यांच्या स्वतःच्या विनंतीवरून टेलिफोन कक्षात कायमस्वरूपी बदली करण्यात येत आहे. दृष्टिदोषामुळे सध्याचे काम झेपत नसल्याचे त्यांनी स्वतः कळवले आहे.”

बाहेर कुणाची तरी खुर्ची सरकली.

“तात्पुरती म्हणाला होतात,” मी म्हटलं. “एक महिना म्हणाला होतात. माझं बोट धरून रेघेवर ठेवलं होतंत.”

“ती ऑफिसची भाषा असते,” साहेब म्हणाले. “लिहायला लागतं तसं.”

सोमवारी मी ती सही केली असती तर? मी फाइलच्या शेवटी गेले, माझ्या सहीसाठी सोडलेल्या जागेच्या वर, आणि लिहिलं, “मी अशी विनंती केलेली नाही आणि करणार नाही. सध्याचे काम मला झेपते. हे पत्र मी आज स्वतः वाचले.” लिहिलेलं पुन्हा एकदा बोटांनी तपासलं, तारीख घातली आणि छापायची कमांड दिली. बाहेर काटेवाल्याच्या टेबलाशेजारचा प्रिंटर घरघरायला लागला.

“आण रे तो कागद,” मी काटेवाल्याला म्हटलं. “आता सही करते.”